मदत हवी आहे : ओम्नीचा मागचा भाग जॅकने उचलून स्टँडवर सुरक्षितपणे कसा ठेवावा?

धागाकर्ता (अमळनेर) :

सर्व जाणकारांस नमस्कार.

आमच्याकडे जुनी मारुती ओम्नी आहे. तिच्या मागच्या दोन्ही चाकांचे ब्रेक शू बदलायचे आहेत, आणि चाके निघालेलीच असतील तर कमानपाट्यांचे (गाडीचे वजन पेलणाऱ्या वाकलेल्या पट्ट्यांच्या स्प्रिंगांचे) रबर बुश, म्हणजे त्यांच्या टोकांत बसवलेल्या रबराच्या नळ्या, हेही तपासावेत असा विचार आहे. हे काम गॅरेजला न देता स्वतः करण्याचे ठरवले आहे. ब्रेकचे काम मला नवे नाही. माझी अडचण गाडी उचलून स्थिर ठेवण्याची आहे, कारण आजवर मी ते नेहमी गॅरेजच्या सिमेंटच्या सपाट जमिनीवर आणि दुसऱ्या माणसाच्या देखरेखीखाली केले आहे. माझ्याकडे एक ट्रॉली जॅक, एक बॉटल जॅक आणि दातेरी खांबाच्या स्टँडची, म्हणजे गॅरेजवाले ज्यांना घोड्या म्हणतात त्यांची, नवी जोडी आहे.

पहिली शंका हँडब्रेकची आहे. ओम्नीचा हँडब्रेक मागच्या चाकांवर चालतो आणि इंजिनाची ताकदही मागच्याच चाकांना मिळते, त्यामुळे मागची दोन्ही चाके हवेत गेली की हँडब्रेक ओढलेला असो वा गाडी गिअरमध्ये असो, जमिनीवर टेकलेल्या पुढच्या चाकांना अडवणारे काहीच उरत नाही. शिवाय ब्रेक शू ज्याच्या आत असतात तो ड्रम बाहेर काढायचा तर हँडब्रेक सोडावाच लागतो. अशा वेळी गाडी पुढे-मागे सरकू नये म्हणून पुढच्या चाकांना केवळ लाकडी पाचरी लावणे पुरेसे असते का?

दुसरी शंका जागेची आहे. आमच्या अंगणाच्या पुढच्या भागात शहाबादी फरशी असून मागे काळी माती आहे, आणि फाटकाबाहेर डांबरी रस्ता आहे. तिन्हींपैकी कोणत्या ठिकाणी काम करावे?

तिसरे असे की स्टँड अ‍ॅक्सलखाली (मागच्या दोन्ही चाकांना जोडणाऱ्या आसाखाली) लावावेत की बॉडीखाली, याबाबत मला परस्परविरुद्ध सल्ले मिळाले आहेत. कृपया कारणांसह मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद (भुसावळ, निवृत्त वर्कशॉप कर्मचारी) :

भाऊ, हँडब्रेकचे तुमचे म्हणणे बरोबर आहे आणि बहुतेक अपघातांचे मूळ तिथेच असते. पाचरी पुरेशा आहेत, मात्र त्या दोन्ही पुढच्या चाकांच्या पुढे आणि मागे, अशा चारही ठिकाणी, टायरला घट्ट भिडवून ठोकलेल्या हव्यात. रस्त्याकडेला सापडलेला गोल दगड पाचरीचे काम करत नाही, कारण चाकाचा जोर आला की तो स्वतःच गडगडतो. पुढची चाके सरळ ठेवा. व्हील नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे ढिले करून घ्या. गाडी स्टँडवर असताना व्हील पान्यावर जोर लावणे म्हणजे ती ढकलून पाडण्याचाच प्रकार आहे.

आता जागेबद्दल. आपल्या तापी खोऱ्यातली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि ओल लागताच फुगते व मऊ पडते. स्टँडचे पाय तिच्यात सारखे रुतत नाहीत, एक पाय आधी जातो आणि स्टँड कलतो. शिवाय ट्रॉली जॅकचा हात वर जाताना कमानीत फिरतो, त्यामुळे गाडी उचलली जात असताना जॅकला आपल्या चाकांवर थोडे सरकता यावे लागते. मातीत ही चाके रुतली की जॅकचे डोके टेकलेल्या जागेवरून घसरू लागते. डांबरी रस्ता सकाळी बरा वाटतो, परंतु उन्हाळ्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो तेव्हा दुपारी डांबर मऊ होते आणि स्टँडचे अरुंद पाय त्यात उतरतात. रस्त्यावर रहदारी असते ती वेगळीच. शहाबादी फरशीचा धोका दिसत नाही, कारण ती वरून कठीण असते. पण खालचा भराव बसून पोकळी झालेली असेल तर एका बिंदूवर भार येताच ती सूचना न देता तडकते. फरशी हातोडीच्या दांड्याने ठोकून पाहा. आवाज भरीव येत असेल तर तीच जागा घ्या आणि प्रत्येक स्टँडखाली, चारही पाय मावतील एवढी, जाड प्लायवूडची किंवा लोखंडाची सलग पट्टी ठेवा. विटा, सिमेंटचे ठोकळे किंवा दगड रचून उंची वाढवू नका, कारण हे पदार्थ वाकत नाहीत, एकदम फुटतात.

स्टँड कोठे लावायचे हे काम काय आहे त्यावर ठरते. केवळ ब्रेक शूचे काम असेल तर अ‍ॅक्सलच्या नळीखाली, कमानपाट्याच्या यू-बोल्टला लागून लावावेत. पाट्यांवर गाडीचे वजन तसेच राहते आणि गाडी फार उंच उचलावी लागत नाही. नळीच्या कडेने गेलेला ब्रेकचा पाइप स्टँडच्या खोबणीत दबत नाही ना, हे बॅटरीच्या उजेडात पाहून घ्या. बुश काढायचे असतील तर मात्र अ‍ॅक्सल मोकळा हवा, म्हणून स्टँड बॉडीच्या मजबूत भागाखाली जातात आणि अ‍ॅक्सलला जॅकचा स्वतंत्र आधार द्यावा लागतो. जुन्या ओम्नीत दाराखालची पट्टी आतून गंजलेली असण्याचा संभव असतो, तेथे स्टँड लावू नये. माझे मत असे की ही दोन कामे एकाच दिवशी करू नयेत.

प्रतिसाद (शिरपूर) :

एवढा खटाटोप कशासाठी? एका वेळी एकच बाजू उचलावी, दुसरे चाक जमिनीवर राहते, गाडी गिअरमध्ये टाकली की ती हलत नाही.

प्रतिसाद (भुसावळ) :

दादा, ही समजूत घातक आहे. एक चाक हवेत असले की डिफरन्शियलमुळे, म्हणजे मागच्या दोन चाकांना वेगवेगळे फिरू देणाऱ्या गिअरच्या संचामुळे, ते उलट दिशेने मोकळे फिरू शकते आणि जमिनीवरचे चाक गिअर असतानाही गडगडू शकते. ती बाजू फक्त हँडब्रेकने धरलेली असते, आणि तोच तर सोडायचा आहे. एकेक बाजू करण्याचा एक फायदा मी मान्य करतो : दुसऱ्या बाजूचे शू न सोडता ठेवले तर स्प्रिंगा कशा बसवायच्या ते पाहायला नमुना मिळतो. परंतु त्यासाठी दोन्ही बाजू स्टँडवर घेऊन एका वेळी एकाच बाजूचे शू सोडता येतात.

धागाकर्ता :

मनःपूर्वक आभार. बुशचे काम पुढे ढकलतो. दोन शंका उरल्या आहेत. एक बाजू स्टँडवर ठेवून दुसरी उचलताना पहिला स्टँड कलणार नाही का? आणि नव्या स्टँडवर डोळे झाकून विश्वास ठेवावा का?

प्रतिसाद (भुसावळ) :

कलू शकतो, म्हणून पहिली बाजू सर्वांत खालच्या योग्य दात्यावरच ठेवा, दुसरी त्याच उंचीवर आणा, आणि टायर जमिनीपासून सुटण्यापुरतीच उंची द्या. दर वेळी चारही पाय टेकलेले आहेत ना हे पाहा. ट्रॉली जॅक डिफरन्शियलच्या घराखाली मधोमध लावून दोन्ही बाजू एकदम उचलण्याचा मोह होतो. गाडीच्या पुस्तिकेत ती जागा दाखवली असेल तरच तसे करावे.

नवेपणाचा भरवसा नको. २०२० मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या हत्यारविक्रेत्याला दातेरी स्टँड परत मागवावे लागले होते, कारण भाराखाली अडकण (खांबाला दात्यावर धरून ठेवणारा खटका) दात्यात नीट न बसता खांब खाली सरकण्याची शक्यता होती. त्यामुळे खांब वर ओढल्यावर अडकण पूर्ण बसली आहे का ते स्टँडची दांडी दाबून पाहा, जॅक अगदी हळू सोडून भार स्टँडवर येऊ द्या, आणि गाडीखाली हात घालण्यापूर्वी बाजूने उभे राहून गाडी जोराने हलवून पाहा. क्षमता एका स्टँडची लिहिली आहे की जोडीची, हेही वाचा. जॅक काढून न टाकता अ‍ॅक्सलला हलका टेकवून ठेवा आणि काढलेली चाके बॉडीच्या कडेखाली आडवी सरकवा. केवळ जॅकवर असलेल्या गाडीखाली जाऊ नये, कारण आतले सील गळाले की जॅक बसतो.

उतरवताना गाडी जॅकने किंचित उचलून स्टँड काढा, चाके जमिनीवर टेकल्यावर नट आलटून-पालटून पूर्ण आवळा, हँडब्रेक ओढा, आणि पाचरी त्यानंतरच काढा.