जड टॉर्पेडोची तार तुटत कशी नाही?

डॉकयार्ड रोडकर (प्रश्न):
माझगाव डॉक घरापासून हाकेच्या अंतरावर असल्यामुळे कलवरी वर्गाच्या पाणबुड्यांविषयी काही ना काही कानावर पडत असते. त्यांतून सुटणारा ५३३ मिलिमीटर व्यासाचा जड टॉर्पेडो (पाण्याखालून धावत लक्ष्यावर आदळणारे अस्त्र) कित्येक किलोमीटर लांबीच्या बारीक तारेने पाणबुडीशी जोडलेला राहतो, असे वाचले. दीड टनाच्या आसपास वजनाची वस्तू ताशी ७० किलोमीटरने धावू लागली की ती तार पहिल्या मिनिटातच तुटायला हवी. शिवाय टॉर्पेडोच्या नाकात स्वतःचे सोनार, म्हणजे आवाजावरून लक्ष्य शोधणारे यंत्र, असताना हा खटाटोप कशासाठी?

खलाशी_भाऊचा धक्का:
तार ओढली जातच नाही. पतंगाची फिरकी आपल्या हातात असते. इथे एक फिरकी पाणबुडीच्या बाजूला आणि दुसरी टॉर्पेडोच्या पोटात असते. दोघेही पुढे जाताना आपापल्या टोकाकडून तार सोडत जातात, त्यामुळे मधली तार पाण्यात जवळपास जागच्या जागी पडून राहते आणि तिच्यावर ताण फारसा येत नाही. फ्रान्सच्या एफ-२१ सारख्या नव्या टॉर्पेडोत तांब्याच्या तारेऐवजी ऑप्टिकल फायबर आहे.

निवृत्त_इलेक्ट्रिकल:
सोनारचे कारण मी सांगतो. टॉर्पेडोच्या नाकात मावणारे सोनार लहान, आणि वेग वाढला की स्वतःच्याच आवाजाने ते बधिर होऊ लागते. पाणबुडीचे सोनार कितीतरी मोठे, आणि ती संथ चालत असल्यामुळे दूरचे स्पष्ट ऐकते. म्हणून सुरुवातीचा बराच प्रवास पाणबुडीच्या कानांवर होतो आणि लक्ष्य जवळ आल्यावर टॉर्पेडो स्वतः शोध घेतो. सोनारच्या मागे स्फोटक असते, मध्ये बॅटरी किंवा इंधन, शेवटी मोटर आणि एकमेकांविरुद्ध फिरणारे दोन पंखे. एकच पंखा असता, तर त्याच्या प्रतिक्रियेने टॉर्पेडो स्वतःभोवती गरगरण्याकडे झुकला असता. अमेरिकेच्या मार्क ४८ टॉर्पेडोमध्ये मात्र ऑटो (Otto) नावाच्या टॉर्पेडो-इंधनावर चालणारे पिस्टन इंजिन आणि पंपजेट, म्हणजे नळीच्या आत फिरणारा पंखा, आहे. असे इंजिन खोल पाण्यात बाहेरच्या दाबाविरुद्ध धूर ढकलताना शक्ती गमावते. बॅटरीला ती अडचण नाही. माझे मत बॅटरीच्याच बाजूने आहे, पण मी पडलो इलेक्ट्रिकलवाला.

डॉकयार्ड रोडकर:
आभार. तरीही तार तुटलीच तर टॉर्पेडो वाया जातो का?

खलाशी_भाऊचा धक्का:
नाही. मिळालेल्या शेवटच्या माहितीवर तो पुढे जातो आणि आपल्या सोनारने शोध चालू ठेवतो. खरी किंमत वेगळीच आहे: तार पाणबुडीच्या टॉर्पेडो सोडण्याच्या नळीच्या तोंडातून बाहेर गेलेली असल्यामुळे पुढचे दार लावले की ती कापली जाते. म्हणजे मार्गदर्शन चालू आहे तोवर त्या नळीत दुसरा टॉर्पेडो भरता येत नाही, आणि कलवरी वर्गात नळ्या सहाच आहेत.

जुने_अंक:
तारेचा आग्रह प्रत्येक वेळी धरला जात नाही, हेही नोंदवतो. २ मे १९८२ रोजी ब्रिटिश पाणबुडी कॉन्कररने अर्जेंटिनाची जनरल बेलग्रानो ही क्रूझर बुडवली, तेव्हा कॉन्कररजवळ तारेने चालणारे टायगरफिश टॉर्पेडो होते. तरीही कप्तानाने दुसऱ्या महायुद्धाच्याही आधीच्या रचनेचे, सरळ धावणारे मार्क ८ वापरले. लक्ष्य जवळ होते, मार्क ८ चे स्फोटक भारी होते आणि टायगरफिशवर भरवसा कमी होता. आपल्याकडे १९८६ मध्ये दाखल झालेल्या शिशुमार पाणबुडीपासून जर्मन बनावटीचे तारेवरचे एसयूटी टॉर्पेडो आहेत. वरुणास्त्र या भारतीय जड टॉर्पेडोची ओळख मुख्यतः युद्धनौकांवरून सोडण्याचे अस्त्र अशी आहे. कलवरी वर्गावर डीआरडीओचा विजेवर चालणारा जड टॉर्पेडो बसवण्यासाठी डिसेंबर २०२४ मध्ये फ्रान्सच्या नेव्हल ग्रुपशी करार झालेला आहे.