लॅपटॉपमधील सोल्डर केलेली रॅम स्वीकारावी का?

प्रश्न: पुढे कधीच वाढवता येणार नाही अशी, मदरबोर्डवर (मुख्य सर्किट बोर्डवर) सोल्डर केलेली, म्हणजे कायमची जोडलेली रॅम असलेला लॅपटॉप घ्यावा का? कंपन्या वेगाचे कारण पुढे करतात. मला त्यात नफेखोरीच अधिक दिसते.

प्रतिसाद १: वेगाचे कारण खोटे नाही. दुरुस्तीसुलभ यंत्रांसाठी ओळखल्या जाणाऱ्या फ्रेमवर्क या कंपनीनेही २०२५ मध्ये जाहीर केलेल्या डेस्कटॉपमध्ये रॅम सोल्डरच केली, कारण एएमडीच्या त्या प्रोसेसरची सेकंदाला २५६ जीबी इतकी बँडविड्थ (माहितीची ने-आण करण्याचा वेग) सुट्या रॅममधून साधत नव्हती.

प्रतिसाद २: मान्य, पण किमतीचे काय? ॲपलने ऑक्टोबर २०२४ मध्ये मॅकबुक एअरची किमान रॅम ८ वरून १६ जीबी केली आणि अमेरिकेतील मूळ किंमत तीच ठेवली. आधीच्या कंजूषपणाला तांत्रिक कारण नव्हते, हे उघड आहे.

प्रतिसाद १: तिथे आपले एकमत आहे. १६ जीबीहून कमी असल्यास घेऊ नये.