मदत हवी आहे: ख्रिसमसचं जेवण, १४ माणसं, एकच ओव्हन आणि सासूबाईंची वही

नमस्कार मंडळी, धागा जरा लांबणार आहे आधीच सांगते, चहा घेऊन बसा.

तर आमच्याकडे ख्रिसमसचं जेवण हे पूर्ण सासूबाईंचं खातं. लग्नाला ९ वर्षं झाली, त्यात माझं काम काय, तर बटाटे सोलायचे, टेबल लावायचं आणि शेवटी ते चिकट ट्रे घासत बसायचं. यंदा त्यांचा उजवा हात प्लास्टरमध्ये आहे, जानेवारीशिवाय निघत नाही. मागच्या रविवारी त्यांनी स्वतःची वही आणून माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाल्या, "यंदा तूच कर." मी पण मोठ्या तोऱ्यात "हो ममा, करते की" म्हणून मोकळी झाले. आता रात्री झोप लागत नाहीये.

वहीबद्दल सांगते. पानांना बटरचे डाग, ते ठीक. पण स्टफिंगच्या पानावर लिहिलंय "पाव लागेल तेवढा". मीठ "नेहमीचं". टर्की किती वेळ भाजायची तर "वास सुटला की बघणे". आणि एका पानावर लाल पेनने, खाली दोन रेघा मारून, "या वर्षी करपलं, खालच्या जाळीवर ठेवू नये". काय करपलं, कुठल्या वर्षी, काही पत्ता नाही.

नेहमीचा बेत म्हणजे टर्की, स्टफिंग, भाजलेले बटाटे, गाजरं, ब्रुसेल्स स्प्राउट, ग्रेव्ही, क्रॅनबेरी सॉस, मग पुडिंग आणि कस्टर्ड, शिवाय केक आणि मिन्स पाय (सुकामेव्याचं सारण भरलेल्या छोट्या पेस्ट्र्या) येताजाता तोंडात टाकायला. जेवण २५ ला दुपारी २ वाजता. २४ ला रात्री चर्चहून आल्यावरही सगळे काहीतरी खातात, ते वेगळंच.

अडचण अशी की ओव्हन एकच आहे आणि लहान आहे. काल मी टर्कीच्या अंदाजाने मोठं पातेलं पालथं घालून आत ठेवून बघितलं तर दारच लागेना. ममांचा ओव्हन मोठा होता, तो घर बदलताना गेला, गेल्या वर्षी दिरांच्या घरी झालं सगळं म्हणून हा प्रश्न आला नव्हता. दुसरं म्हणजे १४ पैकी ४ जण शाकाहारी, माझे आईबाबा, मावशी आणि धाकटी जाऊ. आईला केकमधलं अंडं चालतं, फक्त ते दिसलं नाही पाहिजे आणि कोणी बोललं नाही पाहिजे :) दरवर्षी हे लोक बटाटे आणि गाजरं खाऊन "खूप छान झालंय हो" म्हणतात आणि घरी जाऊन खिचडी लावतात, मला माहितीये.

तर नक्की काय विचारायचंय? आधी काय काय करून ठेवता येतं, त्या दिवशी ओव्हनचा क्रम कसा लावायचा, आणि टर्की नाही केली तर चालतं का? म्हणजे ममांना वाईट न वाटता. आज ५ तारीख आहे. पुडिंग खरं तर नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात होतं आमच्याकडे, ते पण राहिलंय.

*

खमंग_फोडणी:

आधी दीर्घ श्वास घे. पुडिंगचं टेन्शन सोड, इंग्लंडमध्ये ते अ‍ॅडव्हेंटच्या (ख्रिसमसआधीचे साधारण चार आठवडे) आधीच्या रविवारी ढवळायची पद्धत आहे आणि घरातला प्रत्येक जण एकेकदा चमचा फिरवतो वगैरे, पण २-३ आठवडे मुरलं तरी मस्त लागतं. या शनिवार रविवारी करून टाक. पहिल्या दिवशी मोठ्या पुडिंगला ६ ते ८ तास वाफ लागते, पातेल्यातलं पाणी आटतंय का ते बघत राहायचं आणि उकळतंच पाणी घालायचं, गार नाही. २५ ला परत २ तास गॅसवर वाफवायचं. म्हणजे ओव्हनशी त्याचा संबंधच नाही.

पण एक महत्त्वाचं, वहीत पुडिंगमध्ये "स्यूट" असेल तर ती गुरांच्या मूत्रपिंडाभोवतीची चरबी असते!! मिन्स पायच्या सारणात पण घालतात, नुसता सुकामेवा दिसतो म्हणून शाकाहारी लोक बिनधास्त खातात. विकतचं सारण असेल तर डबा नीट वाच. तुझ्या आईने ९ वर्षं काय खाल्लंय ते आता विचारू नकोस. बटर फ्रीझरमध्ये कडक करून किसून घातलं की त्याची जागा भरून निघते.

*

नवशिकी_सुगरण (धागाकर्ती):

अरे देवा. वही बघितली. आहे.

आईला सांगणार नाहीये. कधीच.

*

रात्रपाळी:

मी हॉटेलच्या किचनमध्ये काम करतो म्हणून टर्कीबद्दल सांगतो. १४ माणसांत मांसाहारी १० च आहेत ना, मग २-२ किलोच्या दोन कोंबड्या घ्या, पुरून उरतील. दोन्ही एका ट्रेमध्ये आडव्या बसतात, लवकर शिजतात आणि छातीचं मांस कोरडं पडत नाही. टर्कीचं दुखणं तेच असतं, मांडी शिजेपर्यंत छातीचा भुसा होतो. तरी टर्कीच हवी असेल आणि गोठवलेली आणणार असाल तर फ्रीजमध्ये दर २ किलोला एक दिवस धरा, ६ किलोची असेल तर ३ दिवस. ओट्यावर रात्रभर ठेवून वितळवायची नाही. फ्रीजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात, खोलगट ताटात, म्हणजे पाणी सुटलं तर सॅलडवर गळणार नाही.

आणि कृपया कोंबडी नळाखाली धुऊ नका. आपल्याला सवय असते, मला पण होती, पण ते शिंतोडे ओटाभर उडतात आणि जंतू पसरतात. जंतू मरतात ते भाजण्याने. टिशूने कोरडी पुसा, २४ च्या रात्री बाहेरून आतून मीठ चोळून फ्रीजमध्ये उघडीच ठेवा, कातडी अशी कुरकुरीत होते की बस.

"वास सुटला की बघणे" हे ममांना जमतं कारण त्यांचा तेवढा सराव आहे. तुम्ही थर्मामीटर घ्या. मांडीच्या सगळ्यात जाड भागात, हाडाला न टेकवता खुपसायचा, ७४ अंश सेल्सिअस आलं की झालं. स्टफिंग पोटात भरू नका, मग त्याच्या मधोमधही ७४ यावं लागतं आणि तोवर बाकीचं सुकतं. वेगळ्या ट्रेमध्ये भाजलं की शाकाहारी लोकांनाही खाता येईल, अर्थात स्टॉक भाजीचा वापरला तर.

*

आळशी_बल्लव:

माझं मत वेगळं आहे, टर्कीशिवाय ख्रिसमस म्हणजे काय मजा राव. नुसतं टर्की ब्रेस्ट मिळतं ते आणा ना. तेवढं आपल्या ओव्हनमध्ये बसतं.

*

रात्रपाळी:

बसतं की. पण लेगपीसवरून भांडायला काय उरलं मग?

*

खमंग_फोडणी:

क्रम मी लिहून देते, आमचाही ओव्हन पिटुकला आहे. जेवण २ ला ना? मग उलटं मोजत यायचं. कोंबड्या सव्वाअकराला आत, १९० वर, त्याआधी तासभर फ्रीजबाहेर. साधारण सव्वाला बाहेर येतील (थर्मामीटर लावून बघच). बाहेर आल्या की फॉइल झाकून अर्धा तास हात लावायचा नाही, रस आत मुरतो आणि मुख्य म्हणजे तेवढा अर्धा तास ओव्हन आपला! बटाटे १२:५० ला वरच्या जाळीवर गेलेले असतील, कोंबड्या निघाल्या की ओव्हन २२० वर न्यायचा आणि शाकाहारी लोकांचं जे काय आहे ते खाली सरकवायचं. स्टफिंग आदल्या दिवशी भाजलेलं, ते शेवटची २० मिनिटं कोपऱ्यात गरम होतं. गाजरं आणि स्प्राउट गॅसवर. १:५० ला सगळं बाहेर.

बटाट्यांचं गुपित सांगू का, सोलून मोठे तुकडे करून मिठाच्या पाण्यात ८-१० मिनिटं उकळायचे, पाणी काढून त्याच पातेल्यात वाफ जाऊ द्यायची आणि मग झाकण दाबून धरून पातेलं गदागदा हलवायचं. कडा खरबरीत झाल्या पाहिजेत, पिठूळ, फुटल्यासारख्या. तेल ट्रेमध्ये आधीच कडकडीत तापलेलं हवं, बटाटा टाकला की चर्र आवाज आला पाहिजे, नाही आला तर थांब. उकळून हलवलेले बटाटे गार करून फ्रीझ पण करता येतात, तसेच्या तसे गरम तेलात. तेलच वापर हां, बदकाची चरबी वगैरे नको, ४ जण त्याच्यावरच जगतात म्हणालीस ना.

शाकाहारी लोकांसाठी पफ पेस्ट्रीत मश्रूम, पालक आणि चेस्टनट भरून लांब रोल कर, २४ ला गुंडाळून फ्रीजमध्ये, त्या दिवशी ३५ मिनिटं. सुरीने कापताना टेबलावर बाकीचे पण मान वळवून बघतात. त्यांची ग्रेव्ही वेगळी, कांदा चांगला अर्धा तास मंद आचेवर तपकिरी करून त्यात मश्रूम, सोया सॉस आणि भाजीचा स्टॉक.

*

बिनसाखरेचा:

२४ च्या रात्रीचं कोणी बोललंच नाही. जर्मनीत बऱ्याच घरी २४ ला संध्याकाळी फक्त बटाट्याचं सॅलड आणि सॉसेज असतं, मोठा बेत २५ ला. तसंच काहीतरी साधं ठेवा, सूप आणि पाव. त्या रात्री कोणी जेवायला बसत नाही, सगळे उभ्यानेच खातात.

आणि केकचा विषय, त्यात रम असेल तर दर आठवड्याला चमचा चमचा पाजत ठेवता येते. घरात कोणाला दारू नको असेल तर संत्र्याच्या रसात सुकामेवा भिजवून केक करता येतो, पण तो टिकत नाही, २-३ दिवस आधीच करायचा. मिन्स पाय मात्र आत्ताच भरून कच्चे फ्रीझ करून टाका, आयत्या वेळी तसेच गोठलेले भाजता येतात.

*

नवशिकी_सुगरण (धागाकर्ती):

अपडेट देते, सगळ्यांचे खूप खूप आभार, प्रिंट काढून फ्रिजवर लावलंय.

टर्कीचा प्रश्न ममांना सरळ विचारायची हिंमत होईना म्हणून मी घरच्या ग्रुपवर टाकलं की प्रत्येकाने एकच पदार्थ सांगा, जो नसेल तर ख्रिसमस वाटणार नाही. ११ जणांनी उत्तर दिलं. ६ जणांनी बटाटे. जावेने मिन्स पाय (स्यूटचं मी तिला फोन करून सांगितलं, ती दोन मिनिटं काही बोललीच नाही). नवऱ्याने काय सांगावं, तर २६ ला सकाळी फ्रीजसमोर उभं राहून खायचं गार स्टफिंगचं सँडविच. सासऱ्यांना पुडिंगवर ब्रँडी पेटवायची असते तेव्हाचे ते निळे जाळ. आणि ब्रुसेल्स स्प्राउट, जे मी मनातल्या मनात पहिल्या दिवशीच यादीतून काढले होते, ते कोणाला हवेत? माझ्या बाबांना!! "ते छोटे कोबी असू देत."

टर्की कोणीच लिहिली नाही. एकानेही नाही.

ममांनी लिहिलं "नाणं". त्या पुडिंगमध्ये एक नाणं घालतात, ज्याच्या वाटणीला येईल त्याचं वर्ष चांगलं. दोन प्रश्न उरलेत, ते नाणं आत घालून ६ तास वाफवायचं का, आणि ब्रँडी पेटवताना पडदे पेटणार नाहीत याची काळजी कशी घ्यायची?

*

रात्रपाळी:

पूर्वी चांदीचं असायचं ते चालायचं, आत्ताची नाणी कुठल्या कुठल्या मिश्रधातूची असतात, शिजवू नका. उकळत्या पाण्यात स्वच्छ करून, फॉइलमध्ये गुंडाळून, वाढायच्या वेळी खालून हळूच खुपसा आणि सगळ्यांना सांगा की नाणं आहे, लहान मुलं असतील तर त्यांच्या तुकड्यात आधी बघा.

ब्रँडी बाटलीतून थेट ओतायची नाही, कधीच नाही. दोन-तीन चमचे छोट्या पळीत किंचित कोमट करा, उकळू नका, लांब काडीने पेटवा आणि मग पुडिंगवर ओता. दिवे आधी घालवायचे नाहीतर जाळ दिसतच नाही. वर खोवलेली हिरवी पानं असतील तर ती आधी काढा.

सँडविचवाल्या साहेबांसाठी, जेवण झाल्यावर गप्पा मारत बसाल तेव्हा मांस आणि स्टफिंग टेबलावर पडून राहतं. २ तासांच्या आत हाडांवरून सोडवून पसरट डब्यात फ्रीजमध्ये गेलं पाहिजे, ३-४ दिवसांत संपवा.

*

नवशिकी_सुगरण (धागाकर्ती):

काल पुडिंग झालं, ७ तास, स्वयंपाकघराच्या खिडक्यांवरून पाणी ओघळत होतं. सगळ्यांनी चमचा फिरवला, ममांनी डाव्या हाताने. दोन कोंबड्यांचं मी घाबरत घाबरत सांगितलं. त्या म्हणाल्या "बरं झालं, मला ती टर्की उचलताना दरवर्षी कंबर धरायची", आणि वही मागून घेतली. डाव्या हाताने वेडंवाकडं लिहिलं, "यंदा कोंबड्या २. स्यूट नाही, बटर."

आणि हो, ते करपलेलं नेमकं काय होतं ते पण विचारलं.

म्हणाल्या, "सगळंच."