होमस्टे झालेलं खोताचं घर खरंच १८६५ चं असेल का?

भटक्या_रविवारचा:
गुहागरजवळ एका आगरातल्या होमस्टेला राहून आलो. घर एक नंबर, चिऱ्याच्या भिंती, ओटी, माजघर, मागे नारळी-पोफळी. मालक काका म्हणतात घर १८६५ चं, पणजोबा गावचे खोत (गावचा शेतसारा गोळा करून सरकारात भरणारे वतनदार), आणि पुरावा काय तर माळ्यावरचं एक जुनं कौल, त्यावर खरंच १८६५ उमटलंय. पण खोताचं घर म्हणताय आणि आता जमीन बघावी तर तेवढं आगरच, बाकी गेली कुठे? खरा इतिहास कुठे सापडेल?

कौलारू:
कौलावर बासेल मिशनचं (कौलांचे कारखाने चालवणारं स्वित्झर्लंडचं ख्रिस्ती मिशन) नाव आहे का बघा. असेल तर १८६५ हे मंगळूरचा कारखाना सुरू झाल्याचं साल आहे हो, पुढची कित्येक वर्षं तोच शिक्का मारायचे. पहिल्या महायुद्धानंतर ते कारखाने कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले, म्हणजे मिशनचं नाव असलेलं कौल साधारण त्याच्या आधीचं. घर मात्र त्याहून जुनंही असू शकतं, कारण आधी गवताने शाकारलेली किंवा नळीची कौलं असलेली घरं पैसा आल्यावर मंगळुरी करून घ्यायचे, आणि माल गलबतातून यायचा त्यामुळे बंदराजवळच्या गावांना सोपं.

भटक्या_रविवारचा:
फोटो झूम केला, '...मिशन' एवढंच वाचता येतंय 😀

सातबारा_बहाद्दर:
जमिनीचं उत्तर सरळ आहे. १९४९ च्या कायद्याने खोती गेली, त्याच्या आधी १९४८ चा कुळकायदा आलेलाच होता आणि १ एप्रिल १९५७ ला कसणारी कुळं कायद्याने मालक मानली गेली. खोताकडे उरलं ते स्वतः कसत होते तेवढं, म्हणजे बहुतेक ठिकाणी घर नि आगर. काकांना म्हणावं तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून जुने फेरफार काढा, कोणाच्या नावावरून कोणाकडे गेलं ते सगळं निघतं. घरासाठी ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे घरपट्टीची नोंद. पण घरपट्टीच्या नोंदीवरून बांधल्याचं साल मिळेलच असं नाही, आणि खोत होते हे कागदावर दिसल्याशिवाय मी तरी मानत नाही, कोकणात दर दुसऱ्या घरात एक खोत असतो.

आगरवाली:
😂 आमच्याकडे तर खरंच होते, आणि तरी गोठ्याच्याच रूम केल्यात. सगळे मुंबईला, घर गणपतीपुरतं उघडायचं, सुपारीच्या उत्पन्नात नुसती कौलं चाळायचा खर्च निघत नव्हता. १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि चिपळूणला उतरून लोक यायला लागले तेव्हा सासऱ्यांनी ठरवलं. सगळ्यात डोकेदुखी बाथरूमची, जुन्या घरात न्हाणीघर मागच्या दारी आणि संडास त्याहून लांब, गेस्टला तर अटॅच्ड हवं. म्हणून पहिला बळी गोठ्याचा, त्याच्या भिंती नव्याने बांधता येतात. माजघराला सासूबाईंनी हात लावू दिला नाही, ते बरंच झालं, आता लोक फोटो तिथलेच काढतात. तुमच्या रूमची जमीन पडवीपेक्षा खाली होती का? असेल तर तुम्हीही गोठ्यातच झोपला होतात.