मदत हवी आहे: प्लॅस्टिकचा दाणा मिक्स केला की हँडल मोडालंय, अर्जंट

उद्यमबाग_शेड: फवारणी पंपाची प्लॅस्टिक हँडल साच्यात काढतोय. दोन दाणे मिक्स करायला लागल्यापासून पार्टी माल परत पाठवालीय. ओढून बघितलं तर लोड चांगला घेतंय, पण टेबलाच्या कडेवर आपटलं की पिनच्या भोकाजवळ कट्. तेच दाणे वेगवेगळे चालवले तर काही होत नाही. सोमवारी माल द्यायचाय, लेक्चर नको.

निपाणी_मोल्डर: टेंपरेचर वाढवा. २० डिग्री वर न्या, सगळं एकजीव होतंय.

चिकोडीचा_पाटील: ओ पण दाणा कुठला, किती टक्के, व्हर्जिन (नवा) का रिप्रो (भंगार वितळवून केलेला)? काहीच सांगितलं नाहीसा.

उद्यमबाग_शेड: रिप्रोच हो, व्हर्जिन कुणाला परवडतंय. पीपी (पॉलिप्रोपिलीन) आणि एचडी (हाय डेन्सिटी पॉलिथिलीन), निम्मं निम्मं.

चिकोडीचा_पाटील: पीपी कशाचं?

उद्यमबाग_शेड: खताच्या गोण्यांचं. एचडी कॅनचं. यानं काय फरक पडतोय?

पॉलिमरवाली_खानापूर: सगळा फरक तिथंच आहे. पीपी आणि एचडी वितळून पण एकमेकात विरघळत नाहीत, आमटीवर तेलाचे थेंब फिरावेत तसे वेगळेच राहतात, फक्त इतके बारीक की डोळ्याला एकच माल दिसतो. थेंबाच्या कडेला पकड नसते. सावकाश ओढलं तर दोघं मिळून लोड घेतात म्हणून तुमचा आकडा चांगला येतोय, पण दणका बसला की क्रॅक त्या कडेकडेनं पळतो. त्यात कॅनचं एचडी ब्लो मोल्डिंगचं (हवेनं फुगवून डबे करायचं), एमएफआय (वितळल्यावर किती वाहतं त्याचा आकडा) बहुतेक एकच्या खाली, म्हणजे घट्ट. गोणीचं पीपी त्यामानानं पातळ. असा फरक असला की थेंब बारीक फुटत नाहीत, मोठेच राहतात. आणि भोकापाशीच का, तर साच्यातल्या पिनला वळसा घालून मालाचे दोन प्रवाह पलीकडं भेटतात, तिथं वेल्ड लाइन पडते, थेंब लाइनीच्या बाजूनं लांबट होऊन झोपतात आणि दोन्ही बाजू नीट चिकटतच नाहीत. गेट (साच्यात माल शिरतो ते तोंड) कुठं आहे?

निपाणी_मोल्डर: म्याडम पुस्तकातलं बोलालाय. आमची हँडल टेंपरेचर वाढवूनच सुधारली.

पॉलिमरवाली_खानापूर: तुमचा दाणा एकच होता का मिक्स? रिप्रो पीपी जास्त तापवलं तर साखळ्या तुटून अजून पातळ होतंय, मग दोघांतला फरक वाढणार. वेल्ड लाइन वरून छान दिसेल, आतलं दुखणं तसंच.

निपाणी_मोल्डर: … एकच होता. तरी पण करून बघायला काय जातंय.

गोकाक_ठिबक: आमच्या ठिबकच्या नळ्या उंदीर कुरतडालेत, कुठला दाणा घालायचा?

चिकोडीचा_पाटील: मांजर घाला. शेडवाले, दोन दाणे एकमेकाला धरवायला मॅलेइक वालं (मॅलेइक अनहायड्राइड जोडलेलं) पीपी मिळतंय बघा, ५ टक्के टाका.

पॉलिमरवाली_खानापूर: ते नायलॉन नाहीतर ग्लास फायबरसाठी. एचडीला त्याचा पोलर (थोडा विद्युतभार असलेला) भाग काय धरणार? इथं इथिलीन-ऑक्टीन इलास्टोमर (रबरासारखा दाणा), ५ ते १० टक्के. थेंबाच्या कडेला बसतो, थेंब परत एकत्र येऊ देत नाही, दणका पण पितो. कडकपणा थोडा जाईल. आणि हॉपरमध्ये (दाणा ओतायच्या नरसाळ्यात) नुसतं हातानं कालवू नका, मोल्डिंगचा स्क्रू आखूड, आधी एक्स्ट्रुडरमधून (लांब स्क्रूच्या, वितळवून कालवणाऱ्या मशीनमधून) दाणा काढून घ्या.

उद्यमबाग_शेड: गेट मुठीच्या टोकाला, भोक पार दुसऱ्या टोकाला. सोमवारपर्यंत तो ऑक्टीन कुठं मिळणार? नुसतं पीपी चालवलं तर?

पॉलिमरवाली_खानापूर: गोणीचं पीपी होमोपॉलिमर (नुसत्या प्रोपिलीनचं), त्यात बहुतेक कॅल्शियम कार्बोनेट (चुनखडीची पूड) पण असतंय. शून्य डिग्रीच्या आसपास तर काचेसारखंच, आपल्या डिसेंबरच्या पहाटे पण दणक्याला कमजोर. ही बॅच नुसत्या एचडीत काढा, जरा लवचिक होईल पण भोकात सहजासहजी तुटणार नाही.

मच्छे_भंगार: एचडी कॅनचा दाणा आहे माझ्याकडं, धुतलेला.

निपाणी_मोल्डर: नुसत्या एचडीचा भाव बघा आधी.

उद्यमबाग_शेड: मच्छेवाले, भाव इथं नको, मेसेज करा. आणि म्याडम, कॅनचं एचडी एवढं घट्ट तर माझ्या साच्यात भोकापर्यंत भरणार का? गेट मोठं करावं लागंल काय?