ओली वाळू आणि आरतीच्या झांजा सहन न होणाऱ्या मुलासाठी घरी काय करता येईल?

गुहागरची आई
नमस्कार. माझा मुलगा ६ वर्षांचा आहे. सदऱ्याच्या मानेवरचे लेबल, बोटांना लागलेले वरण आणि किनाऱ्यावरची ओली वाळू त्याला सहन होत नाही. गणपतीत झांजा वाजू लागल्या की तो कान झाकून माजघरात पळतो. उलट एरवी दिवसभर गाद्यांवर उड्या मारतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या अंगावर आदळतो. डॉक्टरांनी संवेदनांच्या आकलनात अडचण असल्याचे सांगितले आहे, परंतु थेरपीसाठी चिपळूणला महिन्यातून एकदाच जाणे जमते. जबरदस्तीने वाळूत उभे केले की सवय होईल, असे सासूबाईंना वाटते. मी एकदा तसे केले आणि पुढे आठवडाभर त्याने पायांतली चप्पल काढू दिली नाही, याची टोचणी अजून आहे.

वेंगुर्ल्याचा बाबा
ताई, आमची मुलगीही अशीच होती. तिला मोदकांच्या उकडीला हात लावायचा नसे, म्हणून आम्ही गार झालेली उकड जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून तिच्यापुढे ठेवू लागलो. ती बाहेरूनच अंगठ्याने दाबत बसे. बऱ्याच दिवसांनी तिने स्वतःच पिशवीचे तोंड सोडले, एक बोट आत घातले आणि लगेच फडक्याला पुसले. ते फडके हाताशी असणे फार महत्त्वाचे होते, कारण हात केव्हाही पुसता येईल या खात्रीवरच तिने दुसऱ्या दिवशी पुन्हा बोट घातले. वाळूपर्यंत जाण्याआधी आम्ही कोरडे तांदूळ आणि मग भिजवलेले तांदूळ, असा क्रम ठेवला होता.

ऑक्युपेशनल थेरपिस्ट, रत्नागिरी
वरील अनुभव अगदी योग्य आहे. स्पर्शाची सवय मुलाच्या संमतीनेच लागते. तुमचा मुलगा आदळतो तो बहुधा खोडसाळपणाने नव्हे, तर स्नायू आणि सांध्यांतून मिळणारी शरीराची जाणीव त्याला अधिक हवी असते म्हणून. संवेदनांच्या आकलनाच्या या विषयाचा पाया घालणाऱ्या अमेरिकन थेरपिस्ट जीन एअर्स यांनी स्पर्श, तोल आणि ही शरीराची जाणीव या तिन्हींवर भर दिला होता. ती जाणीव देणारी कामे कोकणातल्या घरात मुबलक आहेत: अर्धी भरलेली छोटी कळशी परसातल्या झाडांपर्यंत नेणे, सोललेले नारळ एकेक करून पडवीत आणणे, कणीक मळणे. जेवणाआधी किंवा पाहुणे येण्याआधी असे काम दिल्यास पुष्कळ मुले शांत होतात.

पडवीतल्या झोपाळ्यावर सावकाश, पुढे-मागे झोका द्यावा. गरगर फिरवू नये, कारण त्याने काही मुले अधिक उत्तेजित होतात. चेहरा पांढरा पडला किंवा मळमळले तर लगेच थांबावे. गोधडीत गुंडाळायचे असल्यास तोंड उघडे राहावे आणि त्याला स्वतःहून बाहेर पडता यावे. आरतीसाठी कान झाकणारे हेडफोन द्या आणि त्याला दाराजवळ उभे राहू द्या.

ही कामे थेरपीची जागा घेत नाहीत, आणि प्रत्येक मुलाला एकच उपाय लागू पडेल असेही नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून शाळेत तपासणीसाठी पथक येते, तेव्हा हे सारे त्यांना अवश्य सांगा.

गुहागरची आई
मनापासून आभार. शाळेतून आल्यावर पाच नारळ पडवीत आणण्याचे काम आजपासून त्याचे. सासूबाईंना ही उत्तरे वाचून दाखवली. त्या आता चष्मा लावून त्याच्या सदऱ्यांची लेबले उसवत बसल्या आहेत.