सल्ला हवा : झोप लागते, पण पहाटे तीनला मोडते. खोलीत काय बदलू?

जागल्या
नमस्कार मंडळी. अंथरुणाला पाठ टेकली की दहा मिनिटांत झोप लागते, तो प्रश्न नाही. पण तीन-सव्वातीनला जी टक्क जाग येते ती साडेचारपर्यंत. मग गजराच्या आधी अर्धा तास अशी गाढ झोप लागते की उठवत नाही.

खोली दहा बाय बाराची. एकच खिडकी, तीही रस्त्याकडे, त्यामुळे रात्री बंद. पडदे पातळ, बाहेरच्या दिव्याचा पट्टा नेमका माझ्या उशीवर. पंखा मला पाचवर हवा, बायकोला दोनवर. तो तीनवर फिरतो आणि आम्ही दोघंही कुरकुरतो. एसी नाही, सध्या घ्यायचाही नाही. पडदे, गादी, उशी, कानातले बोळे, यांपैकी आधी कशाला हात घालू?

निशाचर
पडदे! डोळे झाकून पडदे. (शब्दशः.)

फक्त एक चूक करू नका. मी जाड, अस्तराचे पडदे आणले आणि खिडकीच्या मापाचेच शिवले. कापडातून थेंबभर उजेड येत नव्हता, पण चारी बाजूंनी चौकट उजळलेली. पडदा दोन्हीकडे वीतभर जास्त घ्या, खाली खिडकीच्या कडेच्या बराच पुढे जाऊ द्या आणि दांडी भिंतीला जितकी चिकटून बसेल तितकी बसवा.

उंबरठा
खरेदीच्या आधी दोन प्रश्न. हे कधीपासून होतंय? आणि जाग येते तेव्हा नेमकं काय जाणवतं : आवाज, उजेड, तहान, घाम, की काहीच नाही?

जागल्या
बायकोला विचारून लिहितोय. तिच्या मते चार महिने. जाग येते तेव्हा मान आणि पाठ घामेजलेली असते, उशी उलटी करून झोपतो. चार महिन्यांपूर्वी काय झालं होतं तर... नवी गादी आली होती. आठ इंची, फोमची, हात दाबला की पंजा उमटून राहतो तसली. महाग होती हो. तिच्यावर संशय घ्यायचं मनात आलं नाही.

उंबरठा
सापडली बहुतेक.

रात्री शरीराचं आतलं तापमान साधारण एक अंशाने उतरतं. हे उतरणं म्हणजे झोपेचा एक भागच, आणि त्यासाठी उष्णता कातडीतून बाहेर जावी लागते, विशेषतः हातापायांच्या तळव्यांतून. त्या फोममध्ये शरीर रुतून बसतं, अर्ध्या अंगाला वारा लागत नाही आणि पाठीखालची ऊब तिथेच कोंडून राहते. झोपताना मऊ लागतं, कारण गादी तेव्हा गार असते. चार तासांनी ती तुमच्याइतकीच तापलेली असते.

पण गादी लगेच बदलू नका. पाहुण्यांसाठीची जुनी गादी असेल तर ती जमिनीवर टाका आणि चार रात्री तीवर झोपा. बाकी काहीही बदलू नका, पडदेही नाहीत. सगळं एकदम बदललं तर कशाने फरक पडला ते कधीच कळत नाही.

झोपायची खोली १६ ते १९ अंश असावी असं सगळीकडे वाचाल. ते थंड हवेत, जाड रजईत झोपणाऱ्यांचं गणित आहे. पातळ चादरीत झोपणाऱ्याने त्या आकड्याच्या मागे लागू नये. पांघरुणाच्या आत काय चाललंय ते महत्त्वाचं.

ढेकूणमुक्त
उंबरठा यांना +१. यात भर : झोपायच्या तास-दीड तास आधी कोमट ते गरम पाण्याने अंघोळ. उलटं वाटेल, पण गरम पाण्याने कातडीखालच्या रक्तवाहिन्या उघडतात आणि बाहेर आल्यावर अंगातली उष्णता भराभर निघून जाते. अंघोळ करून थेट अंथरुणात शिरलात तर उपयोग नाही, मध्ये वेळ जाऊ द्या.

आणि त्या पंख्यावरून संसार मोडू नका. दोन वेगळी पांघरुणं घ्या, तिला जाड, तुम्हाला पातळ, आणि पंखा पाचवर.

पोकळ भिंत
खिडकी बंद ठेवता तो आवाज किती? कारण याच हट्टापायी मी एक मूर्खपणा केलाय. रस्त्याकडच्या भिंतीवर खाचाखाचांचे फोमचे चौकोन चिकटवले, अख्खा रविवार घालवून. आवाज जसाच्या तसा. मग कळलं की तो फोम खोलीच्या आतला घुमारा कमी करतो, बाहेरचा आवाज अडवत नाही. अडवायला वजन लागतं आणि फटी बुजलेल्या लागतात. शेवटी खिडकीच्या झडपेला रबरी पट्टी लावली, दाराखालच्या फटीत कापडाची गुंडाळी सारली, आणि तेवढ्यानेच बराच फरक पडला. चौकोन अजून आहेत, काढले तर रंग निघतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शनात झोपायच्या खोलीत सलग आवाज ३० डेसिबलच्या आत आणि मधूनच येणारा ४५ च्या आत असावा असं म्हटलंय. मला यातला दुसरा आकडा जास्त पटतो. पंख्याच्या घरघरीने कोणी उठत नाही. शांततेत एकच हॉर्न वाजला की उठतो. म्हणून पंखा पाचवर याला माझंही अनुमोदन, तो बारीकसारीक आवाज गिळून टाकतो.

बोळे घेतलेत तर नीट घाला. बहुतेक जण नुसते कोंबतात. बोटांत वळून काडीसारखा बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढायचा, बोळा आत सारायचा आणि तो फुगेपर्यंत बोट टेकवून ठेवायचं.

खिडकीवाली
फटी बुजवा, दार लावा, खिडकी बंद... आणि श्वास कुठून घेणार? बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड दशलक्ष भागांत साधारण ४२० असतो. दोन माणसं छोट्या बंद खोलीत झोपली की पहाटेपर्यंत तो सहज हजाराच्या वर जातो. जीवाला धोका नाही, पण हवा कोंदट होते आणि दमटपणाही वाढतो, म्हणजे घाम वाळत नाही. परत मूळ तक्रारीवरच आलो की नाही?

पोकळ भिंत
मान्य. मग दाराखालची गुंडाळी काढा आणि आतलं दार चार बोटं उघडं ठेवा. आवाज रस्त्याकडून येतोय, घराकडून नाही.

निशाचर
पडद्यांची बाजू कोणी घेत नाही म्हणून मीच घेतो. डोळ्यात उजेड मोजणाऱ्या वेगळ्या पेशी असतात, त्या निळसर उजेडाला सर्वांत जास्त दाद देतात आणि मेंदूला 'दिवस आहे' असं कळवतात. रात्री झोपेत डोळ्यांपर्यंतचा उजेड एक लक्सच्याही खाली असावा असं २०२२ मध्ये तज्ज्ञांच्या एका गटाने सुचवलं होतं. स्वच्छ पौर्णिमेचं चांदणं साधारण पाव लक्स, म्हणजे बघा.

राउटरच्या हिरव्या ठिपक्यावर काळी चिकटपट्टी मारा. तेवढ्या ठिपक्याने शरीराचं काही बिघडत नसावं, पण एकदा दिसला की तोच दिसत राहतो.

उंबरठा
एक राहिलं. तुम्ही मोठ्याने घोरता का, किंवा झोपेत श्वास अडकल्यासारखा होतो का? दिवसा बसल्या जागी पेंग येते? तसं असेल तर गादीबिदी सोडा, डॉक्टरांना दाखवा. गादी बदलूनही घाम येत राहिला तरी दाखवा, औषधांपासून थायरॉइडपर्यंत त्याला बरीच कारणं असतात.

आणि जाग आली की घड्याळ बघू नका. 'सव्वातीन' कळलं की माणूस उरलेल्या तासांची वजाबाकी करत बसतो. घड्याळाचं तोंड भिंतीकडे. वीसेक मिनिटांत झोप नाही आली असं वाटलं तर उठून दुसऱ्या खोलीत मंद उजेडात बसा, पेंगायला लागलात की परत या.

जागल्या
सहा रात्रींचा अहवाल. घोरत नाही, बायकोची साक्ष आहे.

जमिनीवरच्या जुन्या गादीवर पहिल्या रात्री कंबर धरली आणि तीनला जाग आलीच. मनात तुम्हा सगळ्यांचा उद्धार केला. दुसऱ्या रात्री जाग आली, पण कूस बदलून झोपलो. तिसऱ्या आणि चौथ्या रात्री थेट गजर. पाठ कोरडी. पाचव्या रात्री मुद्दाम पलंगावर परत गेलो : किती वाजले ठाऊक नाही, घड्याळ भिंतीकडे होतं, पण मान ओली होती. काल पुन्हा जमिनीवर, पुन्हा थेट गजर.

पडदे अजून आणलेले नाहीत, निशाचर यांनी माफ करावं. दोन पांघरुणं मात्र झाली आणि पंखा पाचवर आहे.

आता नवा प्रश्न. बायकोला तीच फोमची गादी जाम आवडते, ती खाली यायला तयार नाही. त्या गादीवर टाकायला हवा खेळती ठेवणारा एखादा पातळ थर कोणी वापरलाय का? की निम्म्या पलंगावर वेगळी गादी टाकता येते? मधल्या फटीचं काय करता?